तेलाच्या तापमानाचा सेन्सर बदलण्यापूर्वी
अनमोड घाट चढताना इंजिन ऑइलचे तापमान अचानक वाढलेले दिसले, तर गाडी बाजूला घेऊन, इंजिन निवल्यावर आधी डिपस्टिकवर तेलाची पातळी पाहावी, कारण काटा खरेही सांगत असू शकतो. पातळी योग्य असूनही संशय उरला, तर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे सकाळी फक्त इग्निशन चालू करून स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडून सेन्सरचे आकडे दाखवणारे यंत्र) तेल, कूलंट आणि आत येणारी हवा यांची तापमाने ताडून पाहा. ती जवळपास सारखीच हवीत. पणजीच्या सकाळी तेल उणे ४० अंश दाखवू लागले, तर बहुधा वायर तुटली आहे किंवा कनेक्टर निसटला आहे. सेन्सरमधील थर्मिस्टरचा, म्हणजे तापमान मोजणाऱ्या भागाचा, विद्युत रोध उष्णतेने घटतो, म्हणून थंड इंजिनातही अवाच्या सवा तापमान दिसले तर शॉर्ट, म्हणजे वायरींचा नको तिथे झालेला स्पर्श, शोधावा.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो; माझ्या मते पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने तो साफ करावा. त्यानंतर मल्टिमीटरने थंड आणि कोमट स्थितीतला रोध मोजून सर्व्हिस मॅन्युअलमधील तक्त्याशी जुळवा. तो सलग न घटता मध्येच उड्या मारत असेल, तर सेन्सर खुशाल बदला, मात्र नवा बसवताना सीलही नवे घाला.