केबिनमधलं सामान : नव्या ड्रायव्हरला पत्र

कळंबोली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुला स्लीपर केबिनची गाडी मिळाल्याचं तुझ्या मामाकडून कळलं. न्हावा शेवा ते चाकण कंटेनरची लाइन आहे म्हणे. बरं झालं. पण मामा पुढे हेही म्हणाला की पोराने केबिनचं पार घर करून टाकलंय: पडदे, स्पीकर, भांडी, कपड्यांची मोठी बॅग, बँकेचं पासबुक आणि शाळेच्या दाखल्यासकट सगळ्या कागदांची फाइल. पडद्यांना माझी हरकत नाही. पासबुक आणि फाइल ऐकली आणि लिहायला बसलो.

केबिन तुझी नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसव. मालक कधीही फोन करेल, ही गाडी उभी कर, दुसरी घेऊन जा. गॅरेजात गेली की किल्ली मिस्त्रीकडे. तळोज्यात एखाद्या केमिकल कंपनीत लोडिंगला लावलीस तर किल्ली सिक्युरिटीच्या हुकावर आणि तू ड्रायव्हरांच्या शेडमध्ये. देव न करो, पण अपघात झाला तर गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात आणि तुझं सामान तिच्या आत. तेव्हा पाच मिनिटांत एका बॅगेत भरून खाली उतरता येईल, एवढंच सामान ठेव. दाखला, पासबुक, घरचे कागद येत्या सुट्टीला आईकडे ठेवून ये.

जे गेलं तर काम अडेल, ते अंगावर. लायसन्स, एटीएम कार्ड, फोन, थोडी रोख. त्यासाठी कमरेचं चपटं पाकीट मिळतं, शर्टाच्या आत बसतं. पंपावर आंघोळीला गेलास तर तेही घेऊन जायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतल्या खिळ्याला टांगायचं. गाडीत टॉवेलखाली ठेवून जायचं नाही.

गाडीच्या कागदांचं आता सोपं झालंय. २०१८ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला, तेव्हापासून लायसन्स, आरसी, विमा, फिटनेस हे सगळं फोनमधल्या डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी ॲपवर दाखवलं तरी चालतं. पण फोन बंद पडला की कागदही बंद पडले. शिवाय काही कंपन्यांच्या गेटवर मूळ लायसन्सच मागतात आणि फोन काढून घेतात. म्हणून सगळ्याच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेव. पावसाळ्यात दाराच्या रबरातून पाणी येतं आणि मॅटखाली साचतं, तेव्हा ती फाइल खाली कधीच नको, वरच्या कप्प्यात ठेव.

आता पैशांचं. टोलची रोख बाळगायची गरज फास्टॅगने संपवली. तरी वजनकाटा, हमाली, पंक्चर, जेवण यांना पैसे लागतातच. ते मालकाचे. तुझा पगार-भत्ता वेगळा. दोन पाकिटं ठेव आणि एक छोटी वही. मालकाच्या पाकिटातून निघालेला प्रत्येक रुपया त्याच क्षणी वहीत लिही. चोरी झाली तर नुकसान परवडतं, पण मालकाच्या मनात ‘पोरानेच खाल्ले असतील’ हे एकदा शिरलं की निघत नाही. वही नीट असेल तर तुझ्या शब्दाला वजन राहतं.

हेच क्लीनरच्या बाबतीतही आहे, फक्त उलट्या बाजूने. तू बर्थच्या गादीखाली पाच हजार ठेवलेस, त्याला सांगितलं नाहीस, आणि उद्या ते सापडले नाहीत. पहिला संशय कोणावर जाणार? त्या बिचाऱ्याने कदाचित गादी उचललीही नसेल. गॅरेजातल्या पोराने, गाडी धुणाऱ्याने, कोणीही घेतले असतील. पण त्यानंतर त्याच्यासोबत एका केबिनमध्ये झोपणं तुम्हा दोघांनाही जड जाईल. त्याला बर्थखालच्या कप्प्यात कुलूप लावता येईल अशी स्वतःची जागा दे, किल्ली त्याच्याकडेच राहू दे. आणि तुझे पैसे केबिनमध्ये ठेवूच नकोस, उरलेले रोजच्या रोज खात्यात टाक. सन व्हायझरच्या मागे, देवाच्या फोटोमागे, स्पीकरच्या खोक्यात अशा युक्त्या सगळे ड्रायव्हर करतात, आणि चोर तिथेच आधी हात घालतो.

दिवसाची चोरी गर्दीत होते. तुर्भ्याच्या मार्केटात पावती घ्यायला उतरलास की दोन्ही दारं लॉक, क्लीनरच्या बाजूचंही. कोणी येऊन म्हणालं, ‘उस्ताद, मागून डिझेल गळतंय’, तर उतर, जरूर बघ, पण काच वर करून, किल्ली घेऊन, दार लावून. एक जण तुला मागे नेतो, दुसरा दुसऱ्या दाराने आत हात घालतो. फार जुना खेळ आहे, अजून चालतो.

रात्रीचं जास्त अवघड. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. तुझी गाडी त्याआधीची, म्हणजे मे महिन्यात काच खाली करूनच झोपणार, आणि फोन चार्जिंगला डॅशबोर्डवर, खिडकीजवळ. असेच फोन जातात. चार्जिंगची वायर लांब घे आणि फोन बर्थवर, भिंतीच्या बाजूला ठेव. काच चार बोटंच खाली कर. डासांसाठी जाळी लाव, पण जाळी म्हणजे कुलूप नव्हे, ब्लेडने सहज कापली जाते. मच्छर अगरबत्ती गादीजवळ अजिबात लावायची नाही. उरण रोडच्या कडेला एकट्याने गाडी लावून झोपण्यापेक्षा चार गाड्यांच्या रांगेत, दिव्याखाली लाव. दोनशे रुपये पार्किंगचे गेले तर जाऊ देत.

सामान चोरीला जाण्यापेक्षा मला जास्त भीती वाटते ती सुट्या वस्तूंची. बोरघाट उतरताना पाण्याची बाटली सीटखालून घरंगळत पुढे येते आणि ब्रेकच्या पेडलखाली अडकते. मग पेडल पूर्ण दाबलं जात नाही, आणि त्या उतारावर खाली वाकून बाटली काढणं शक्य नसतं. त्यामुळे तुझ्या पायांच्या आसपास काहीही नको: बाटली नको, चप्पल नको, पान्हा नको. पाण्याचा कॅन सीटमागे पट्ट्याने बांध. डबा, स्पीकर, टॉर्च जाळीच्या पिशवीत घालून अडकव.

दुसरं, मिस्त्री इंजिनाच्या कामासाठी केबिन पुढे झुकवतात तेव्हा आतलं सुटं असेल ते सगळं धाडकन पुढच्या काचेवर येतं. भरलेला कॅन आला तर काच गेलीच, आणि ती तुझ्या पगारातून कापली जाते. ‘उस्ताद, रिकामी आहे ना?’ असं मिस्त्रीने विचारलं तर नुसती मान हलवू नकोस, एकदा वर चढून बघ.

उन्हाचंही ध्यानात ठेव. बंदराच्या रांगेत बंद काचांची गाडी भरदुपारी उभी असली की डॅशबोर्डला हात लावता येत नाही. तुझा तो डिओचा कॅन, लायटर, पॉवर बँक यांतलं काही तिथे ठेवू नकोस. कॅनवर छापलेलंच असतं, पन्नास अंशांवर नको. चार्जर घेताना त्यावर १२-२४ व्होल्ट लिहिलंय का बघ. कारचा नुसता बारा व्होल्टचा ट्रकच्या चोवीस व्होल्टला जळतो, कधी फोनही सोबत नेतो.

भांड्यांबद्दल मामाला बोललो नाही, तुला सांगतो. ढाब्याचं रोजचं जेवण परवडत नाही हे मलाही कळतं, बनव. पण गाडीच्या खाली उतरून, उघड्यावर, गाडीपासून लांब. पाच किलोचा सिलिंडर केबिनमध्ये ठेवायचा नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, आणि बंद केबिनमध्ये तू तिथेच झोपलेला असतोस. बाहेरच्या बाजूच्या पेटीत, टोपी लावून उभा बांध. केमिकल किंवा तेलाच्या कंपनीत जायची ट्रिप असेल त्या दिवशी तो गाडीवर नकोच.

इतकं करूनही फोन गेला, तर क्रम असा. आधी दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद कर, मग बँकेला सांगून यूपीआय आणि कार्ड बंद कर. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन कर. मग पोलीस तक्रार. चोरी पळस्प्याला झाली आणि कळलं लोणावळ्यात, तरी तिथल्याच ठाण्यात जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाची हे न बघता तक्रार घ्यावी लागते. ‘तिकडे जा’ म्हणाले तर कलमाचा नंबर सांग, नम्रपणे. तक्रारीची प्रत हातात आली की सरकारच्या ‘संचार साथी’ वेबसाइटवरून फोनच बंद पाडता येतो. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा पंधरा आकडी ओळख क्रमांक लागतो. आत्ताच स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून तो बघ, वहीत लिही आणि आईलाही लिहून दे, कारण वही फोनसोबतच गेलेली असू शकते. मालकाचा आणि मामाचा नंबर मात्र पाठ कर.

तुझा,
काका