स्वयंसेवा पेट्रोल पंपांवरील बंदी : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात वाहनचालकाने आपल्या गाडीत स्वतः पेट्रोल भरण्यास कायद्याने मनाई आहे. ओरेगॉन राज्याने अशीच बंदी २०२३ मध्ये उठवली, आणि तेव्हापासून राज्यभर अशी मनाई असलेले न्यू जर्सी हे त्या देशातील एकमेव राज्य उरले आहे. ही बंदी असावी की जावी, याविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. ही बंदी सुरक्षिततेसाठी आहे, असे येथे सर्रास सांगितले जाते. पण शेजारच्या पेनसिल्व्हेनियात लोक रोज स्वतःच्या हाताने पेट्रोल भरतात आणि तेथे काही पंप धडाधड पेटत नाहीत. मग बंदीमागचे खरे कारण कोणते?

उत्तर : पेट्रोल धोकादायक आहे, हे आधी मान्य करायला हवे. शून्याखाली चाळीस अंश सेल्सिअसपर्यंतच्या कडाक्याच्या थंडीतही त्याची पेट घेण्याजोगी वाफ होते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत पसरते. स्वयंसेवा पंप पहिल्यांदा आले तेव्हा अमेरिकेतील अनेक राज्यांच्या अग्निशमन नियमांनी त्यांना मज्जाव केला होता, तो याच भीतीपोटी. मात्र न्यू जर्सीच्या कायद्याचा जन्म नुसत्या भीतीतून झाला असे मानणे कठीण आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे आयर्व्हिंग राइनगोल्ड या पंपमालकाने चोवीस पंपांचे मोठे स्वयंसेवा केंद्र उघडले. इतरांकडे गॅलनला २१.९ सेंट दर असताना त्याने १८.९ सेंटला पेट्रोल विकायला सुरुवात केली आणि त्याच्याकडे गाड्यांची रांग लागली. पुढे त्यानेच सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे, प्रतिस्पर्ध्यांनी आधी दर वाढवण्यासाठी त्याच्यावर दबाव आणला, आणि तो बधत नाही असे दिसल्यावर विधिमंडळाकडे धाव घेतली. १९४९ मध्ये स्वयंसेवेवर बंदी घालणारा कायदा झाला. राइनगोल्ड न्यायालयात गेला, परंतु १९५१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. त्याच वर्षी ओरेगॉननेही बंदी घातली. ज्या कायद्यामुळे तीन सेंटांनी स्वस्त विकणारा एक स्पर्धक बाजूला झाला, त्याच्यावर सुरक्षिततेचा शिक्का असला तरी त्याचा पहिला लाभ कोणाला झाला हे उघड आहे.

आता सुरक्षिततेचा मुद्दा आजच्या परिस्थितीत तपासून पाहू. सध्याच्या नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. पेट्रोल वाहत असताना त्या छिद्रातून हवा आत ओढली जाते. टाकी भरत आली आणि पेट्रोलची पातळी छिद्रापर्यंत पोहोचली की हवा बंद होते, आत निर्वात दाब तयार होतो, त्याने एक पडदा खेचला जातो आणि नोझलचा खटका आपोआप सुटतो. यात विजेचा काही संबंध नाही. सगळे काम हवेच्या ओढीवर चालते. कोणी नोझल टाकीतच विसरून गाडी पुढे काढली, तर पाइपचा जोड ठरलेल्या जागी सुटतो आणि दोन्ही बाजूंची झडप बंद होते. या व्यवस्थेला पेट्रोल भरणारा हात चालकाचा आहे की कर्मचाऱ्याचा, याने फरक पडत नाही. जपानने तर १९९८ मध्ये स्वयंसेवा सुरू करताना मधला मार्ग काढला. तेथे ग्राहक स्वतः पेट्रोल भरतो, पण केंद्रातील प्रशिक्षित कर्मचारी त्याच्यावर लक्ष ठेवतो आणि त्याने परवानगीचे बटण दाबल्याखेरीज पंप चालू होत नाही. आगीची चिंता खरी असेल तर तिला असे नेमके उत्तर देता येते.

न्यू जर्सीच्या कायद्यात बंदीची जी कारणे नोंदवलेली आहेत, त्यांतील एक मला विशेष खटकते. पेट्रोलची विषारी वाफ ग्राहकाच्या, विशेषतः गरोदर स्त्रियांच्या, आरोग्याला घातक असल्याचे तेथे म्हटले आहे. पेट्रोलमध्ये बेंझिन असते आणि बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. परंतु ग्राहक आठवड्यातून एखादेवेळी काही मिनिटे त्या वाफेजवळ उभा राहतो, तर पंपावरचा कर्मचारी पाळीभर, महिनोन्महिने तेथेच उभा असतो. वाफ घातक आहे असे म्हणणाऱ्या कायद्याने ती सगळी एकाच माणसाच्या नाकाशी नेऊन ठेवावी आणि त्या माणसाचा उल्लेखही करू नये, हे मला न्यायाचे वाटत नाही. आरोग्याची कळकळ असेल तर तिची सुरुवात त्याच्यापासून व्हायला हवी : वाफ परत ओढून घेणारी यंत्रणा नीट चालते की नाही, त्याला हातमोजे मिळतात की नाही, त्याची नियमित वैद्यकीय तपासणी होते की नाही.

प्रश्न : न्यू जर्सीत चुकून स्वतः पेट्रोल भरले तर दंड कोणाला होतो?

उत्तर : कायद्यातील दंडाची तरतूद पंपचालकासाठी आहे. पहिल्या वेळी ५० ते २५० डॉलर आणि त्यानंतर ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे आपण नोझलला हात लावताच कर्मचारी धावत येतो, त्यात उद्धटपणा नसतो. भुर्दंड त्याच्या मालकाला बसणार असतो आणि बोलणी बहुधा कर्मचाऱ्यालाच खावी लागतात.

प्रश्न : कित्येक वर्षे न्यू जर्सीत शेजारी राज्यांपेक्षा पेट्रोल स्वस्त मिळत होते. माणसे नेमूनही स्वस्त, मग स्वयंसेवेने बचत होते हा दावा खोटा नाही का?

उत्तर : यात दोन गोष्टींची गल्लत होते. न्यू जर्सीत पेट्रोल स्वस्त होते ते मुख्यतः करामुळे. १ नोव्हेंबर २०१६ पूर्वी तेथील राज्याचा इंधन कर गॅलनला अवघा १४.५ सेंट, म्हणजे देशातील सर्वांत कमी करांपैकी एक होता. त्या दिवशी तो एकदम २३ सेंटांनी वाढला आणि स्वस्ताईचा पुष्कळसा भाग ओसरला. पंपावरील माणसाच्या मजुरीचा भार किमतीत तेव्हाही होता आणि आजही आहे. कमी कराने तो झाकला गेला होता इतकेच. मात्र बंदी उठताच ही सगळी बचत ग्राहकाच्या खिशात पडेल, असेही मी म्हणणार नाही. वाचलेल्या मजुरीतील किती वाटा दरात उतरेल आणि किती मालकाकडे राहील, हे त्या भागात पंपांची आपसांत किती चुरस आहे यावर ठरते.

प्रश्न : मी ओरेगॉनमध्ये एकटी राहते. संधिवातामुळे नोझलचा खटका माझ्याने दाबून धरवत नाही. बंदी उठली हा तरुणांच्या सोयीचा निर्णय झाला. आमच्यासारख्यांनी काय करायचे? आपले म्हणणे ऐकणारे कोणी नाही असे वाटू लागले आहे.

उत्तर : आपले पत्र या विषयावरच्या सर्व पत्रांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण बंदीच्या बाजूने जे काही खरोखर वजनदार म्हणता येईल ते आपल्या पत्रात आहे. सर्वप्रथम आपले हक्क सांगतो. ओरेगॉनच्या नव्या कायद्याने सेवा बंद केलेली नाही. राज्यपाल टीना कोटेक यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये स्वाक्षरी केलेल्या या कायद्यानुसार दाट वस्तीच्या काउंट्यांमध्ये (म्हणजे राज्यातील जिल्ह्यांमध्ये) पंपचालकाला जास्तीत जास्त निम्मे पंपच स्वयंसेवेसाठी ठेवता येतात; उरलेल्या पंपांवर माणूस असलाच पाहिजे. शिवाय दोन्हीकडे दर एकच ठेवण्याचे बंधन आहे, म्हणजे मदत घेतली म्हणून आपल्याकडून एक सेंटही जास्त घेता येत नाही. विरळ वस्तीच्या काउंट्यांत मात्र नियम सैल आहेत, आणि तेथे स्वयंसेवा २०१८ पासूनच बऱ्याच अंशी रूढ झाली आहे. आपण अशा भागात राहत असाल तर नेहमीच्या पंपावर कोणत्या वेळी माणूस असतो, याची आधी चौकशी करून ठेवावी.

याखेरीज अपंग व्यक्तींच्या हक्कांचा केंद्रीय कायदा संपूर्ण अमेरिकेत लागू आहे. ज्यांना स्वतः पेट्रोल भरता येत नाही अशा अपंग चालकांनी हॉर्न वाजवून किंवा अन्य खुणेने मदत मागितल्यास पंपावरील कर्मचाऱ्याने ती स्वयंसेवेच्याच दरात दिली पाहिजे, असे त्यात बंधन आहे. दुखणारे हात हे या व्याख्येत बसणारे कारण असू शकते, तेव्हा मागताना संकोच करू नये. या नियमाला एक मोठी पळवाट आहे, तीही सांगायला हवी : पंपावर एकच कर्मचारी कामावर असेल तर त्याच्यावर ही सक्ती नाही. रात्रीच्या वेळी आणि महामार्गावरच्या लहान केंद्रांवर नेमकी हीच स्थिती असते. ज्यांना न्यू जर्सीतील बंदी उठवायची आहे त्यांनी ही पळवाट बुजवण्याचे कलम आपल्या विधेयकात आधी लिहावे, मग लोकांकडे पाठिंबा मागावा. रटगर्स विद्यापीठाच्या २०२२ मधील पाहणीत न्यू जर्सीतील सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी पेट्रोल दुसऱ्याने भरून देणेच पसंत केले. त्याआधी २००६ मध्ये राज्यपाल जॉन कॉर्झाइन यांनी टर्नपाइक या राज्यातील टोल महामार्गावर स्वयंसेवेचा प्रयोग करून पाहण्याची कल्पना मांडली, तेव्हा लोकांच्या नाराजीमुळे ती त्यांना गुंडाळावी लागली होती. इतक्या लोकांची आवड केवळ आळसापोटी आहे असे म्हणून उडवून लावणे योग्य नाही. बर्फ पडत असताना, मागच्या आसनावर तान्हे मूल झोपलेले असताना, गुडघे साथ देत नसताना कोणीतरी खिडकीशी येऊन विचारते, याची किंमत ज्याला ती गरज आहे त्यालाच कळते.

तरीही माझे मत असे आहे की, सेवा मिळण्याचा हक्क कायद्याने राखावा. ज्याला सेवा नको आहे त्याला मनाई करू नये. ओरेगॉनने निम्मे पंप आणि समान दर या दोन अटींनी तो हक्क पुष्कळ प्रमाणात राखला आहे.

प्रश्न : माझे वडील न्यू जर्सीत पंपावर काम करतात. घर त्यांच्या पगारावर चालते. बंदी उठवा म्हणणारे आमच्यासारख्या कुटुंबांचा विचार करतात का?

उत्तर : पुष्कळदा करत नाहीत, आणि या वादातील ती सर्वांत मोठी उणीव आहे. ब्राझीलने जानेवारी २००० मध्ये देशभर स्वयंसेवा पंपांवर बंदी घातली, तेव्हा पंपावरील कामगारांचा रोजगार वाचवणे हा हेतू उघडपणे पुढे ठेवला होता. दक्षिण आफ्रिकेतही स्वयंसेवेला मनाई आहे आणि तेथेही रोजगार हेच मुख्य कारण दिले जाते. मला हा युक्तिवाद आगीच्या आणि वाफेच्या युक्तिवादापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो. या कामाला भाषा फारशी यावी लागत नाही, पदवी लागत नाही, आणि परक्या देशात नुकत्याच आलेल्या माणसाला पहिला पगार अनेकदा अशाच ठिकाणी मिळतो.

पण आपल्या वडिलांच्या दृष्टीने विचार केला, तरी केवळ बंदीवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. ओरेगॉनमध्ये बंदी उठण्याआधी पंपमालकांची मुख्य तक्रार होती ती माणसे मिळत नसल्याची; म्हणजे नोकरी कायद्याने टिकली होती, पण त्या पगारात आणि त्या हवामानात उभे राहायला लोक तयार नव्हते. कायदा जागा राखतो, पगार वाढवत नाही. दुसरे असे की विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या चार्जिंग केंद्रांवर मुळातच कोणी माणूस नसतो, आणि त्या गाड्या जसजशा वाढतील तसतसे पंपावरचे काम बंदी असतानाही आटत जाईल. म्हणून कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आत्ताच ठोस मागण्या करायला हव्यात : बदल टप्प्याटप्प्याने व्हावा, माणूस असलेल्या पंपांचे किमान प्रमाण कायद्यात असावे, काम सुटणाऱ्यांना ठरावीक मुदतीचा पगार आणि दुसरे काम शिकण्याचा खर्च मिळावा. बंदी उठल्याने मालकांचा जो पैसा वाचणार आहे त्यातूनच तो यावा. या मागण्या बंदी असताना मान्य करून घेता येतात, कारण बंदी उठवण्याची घाई मालकांना आहे. ती एकदा उठली की सौदा करायला कामगारांच्या हातात काही उरत नाही.

प्रश्न : आजवर न्यू जर्सीतच गाडी चालवली. पुढील महिन्यात हिवाळी प्रवासासाठी अन्य राज्यात जायचे आहे. स्वतः पेट्रोल भरताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : इंजिन बंद करावे, धूम्रपान करू नये, आणि नोझल टाकीत असताना परत गाडीत जाऊन बसू नये. हे शेवटचे लोक सहसा पाळत नाहीत, आणि हिवाळ्यात तेच सर्वांत महत्त्वाचे असते. कोरड्या थंड हवेत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे आसनावर घासले की अंगावर स्थिर वीज साठते. आपण ऊब घ्यायला आत बसलात, पुन्हा उतरलात आणि थेट नोझलला हात घातलात, तर बारीकशी ठिणगी उडून टाकीच्या तोंडाशी असलेली वाफ पेटू शकते. अमेरिकेतील पंप उद्योगाच्या संघटनेने अशा शंभराहून अधिक घटनांची नोंद केली आहे. आत जावेच लागले, तर बाहेर आल्यावर टाकीपासून दूर दाराच्या पत्र्याला उघडा हात लावून मग नोझलकडे वळावे.

खटका आपोआप सुटला की तेथेच थांबावे, आणखी थोडे मावेल म्हणून पुन्हा दाबू नये. आणि दुर्दैवाने टाकीच्या तोंडाशी ज्योत दिसलीच, तर नोझल ओढून बाहेर काढू नये, कारण तसे केल्यास जळते पेट्रोल अंगावर आणि जमिनीवर सांडते. नोझल आहे तेथेच राहू द्यावे, गाडीत कोणी असेल तर त्याला उतरवून सर्वांनी दूर जावे, आणि आतल्या कर्मचाऱ्याला ओरडून सांगावे. सर्व पंप एकदम बंद करणारे आणीबाणीचे बटण कोठे आहे हे त्याला ठाऊक असते.