सुवार्ता, शुभवर्तमान की धर्मप्रचार?

माझी एक मैत्रीण नगरकडच्या एका जुन्या चर्चवर लेख लिहितेय, तिने विचारलं की ख्रिस्ती माणसं आपला विश्वास दुसऱ्यांना सांगतात त्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं, सरळ धर्मप्रचार लिहू का, आणि ते शुभवर्तमान म्हणजे चांगला वर्तमानकाळ असं काही आहे का.

शेवटचं आधी घेते. शुभवर्तमानातलं वर्तमान म्हणजे काळ नाही, बातमी. वर्तमानपत्रातलं वर्तमान तेच. जुन्या पत्रांमधे 'इकडील वर्तमान' असं यायचं तोच हा अर्थ, आज बोलण्यातून गेला पण वर्तमानपत्रात आणि ख्रिस्ती मराठीत टिकून राहिला, मला याचं फार अप्रूप वाटतं. मूळ ग्रीक शब्द एउआंगेलिऑन, म्हणजे चांगली बातमी. त्यातला एउ आणि आपला सु हे भाषाशास्त्रात एकाच मुळातले मानतात, म्हणून सु + वार्ता हे भाषांतर इतकं चपखल बसलंय. आणि गंमत बघ, होमरच्या काळात याच शब्दाचा अर्थ चांगली बातमी आणणाऱ्याला द्यायचं बक्षीस असा होता. आपण असा निरोप घेऊन आलेल्याला म्हणतो ना, तुझ्या तोंडात साखर पडो, तेच!

मराठी बायबलमधे दोन्ही शब्द आहेत पण कामं वेगळी. पुस्तकाचं नाव शुभवर्तमान (मत्तयकृत शुभवर्तमान, अशी एकूण चार), आणि त्यातला जो संदेश, जो तोंडाने सांगायचा, ती सुवार्ता. ती सांगत फिरणारा तो सुवार्तिक. वसईच्या कॅथलिकांच्या मासिकाचं नावही सुवार्ताच आहे, फादर दिब्रिटोंनी ते कितीतरी वर्षं चालवलं.

आता मुख्य प्रश्न. माझं सगळं लक्ष क्रियापदाकडे जातं. सुवार्ता 'सांगतात'. पटवत नाहीत, लादत नाहीत, बातमी सांगायची असते आणि ऐकणाऱ्याने तिचं काय करायचं ते त्याचं त्याने ठरवायचं. मार्कच्या शेवटच्या अध्यायात सुवार्तेची घोषणा करा असं येतं तिथलं ग्रीक क्रियापद दवंडीवाल्याचं आहे, चावडीसमोर उभं राहून ऐका हो ऐका करणारा माणूस डोळ्यापुढे आण, तो स्वतःच्या मनचं काही सांगत नाही, ज्याने पाठवलं त्याचा निरोप मोठ्याने देतो. मत्तय २८ मधली आज्ञा, जिला महान आज्ञा म्हणतात, तिथे ग्रीकमधे मुख्य आज्ञार्थ एकच, 'शिष्य करा', आणि जाणं हे धातुसाधित, म्हणून मराठीतलं 'तुम्ही जाऊन शिष्य करा' यातला तो ऊन मला फार आवडतो, आपल्या व्याकरणाने ते अलगद झेललंय. आणि प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्याच अध्यायात येशू म्हणतो, तुम्ही माझे साक्षी व्हाल. चर्चमधे कोणी उठून आपल्या आयुष्यात काय घडलं ते सांगतं त्याला साक्ष देणं म्हणतात ते यावरूनच, कोर्टातलाच शब्द, जे पाहिलं तेवढंच बोलायचं.

प्रचार शब्द चुकीचा नाही पण आज तो ऐकला की आपल्याला जीप, भोंगा आणि मतं आठवतात. संविधानाच्या कलम २५ मधेही बघ, हिंदी पाठात धर्माचा प्रचार आहे, मराठी पाठात मात्र प्रसार. इतिहास किंवा कायदा लिहिताना धर्मप्रसार बरा, तटस्थ आहे.

बाटवणे मात्र कृपा करून लिहू नकोस. त्यात विटाळ आहे, ज्याने स्वतःच्या मनाने विश्वास ठेवला त्यालाही तो शब्द बाटगा करून टाकतो. गोव्यात, वसईत पोर्तुगीज काळात जबरदस्ती झाली हे खरंच आहे आणि ते लपवायचं कारण नाही, तिथे जबरदस्तीचं धर्मांतर असं स्पष्ट लिही. पण ना. वा. टिळकांना तो शब्द कसा लावणार? १८९३ मधे नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी कवितेवरून गप्पा सुरू झाल्या, उतरताना त्याने नव्या कराराची एक प्रत हातात दिली, बास, एवढंच. पुढे टिळक वाचत राहिले, भांडत राहिले स्वतःशी, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, घरादारावर काय कोसळलं ते मराठी वाचकांना माहीतच आहे. त्या डब्यात जे झालं ते सुवार्ता सांगणं. नंतर टिळकांनी स्वतः तेच केलं पण अभंगातून, कीर्तनातून, त्यांची पदं चर्चमधे आजही गातात.

तर तुझ्या लेखात चर्चमधल्या माणसांच्या तोंडी सुवार्ता सांगणे किंवा साक्ष देणे, तुझ्या स्वतःच्या निवेदनात धर्मप्रसार, आणि मिशनरी हा शब्द आहे तसाच ठेव, सगळ्यांना कळतो. हल्लीची मुलं सुवार्ता शेअर केली म्हणतात, तेही कोणाच्या बोलण्यात आलं तर बदलू नकोस. आणि हो, सुवार्ता स्त्रीलिंगी, शुभवर्तमान नपुंसक, म्हणून चार शुभवर्तमानं पण सुवार्ता एकच.