पहिल्या वाक्याची पारख

प्रश्न : आमच्या वाचक मंडळाने गाजलेल्या कादंबऱ्यांच्या आरंभीच्या ओळींचे वाचन योजले आहे. जिचे पहिले वाक्य चटकदार नाही ती कादंबरी वगळावी, असे काही सभासद म्हणतात. आपले मत काय?
– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : सभासदांचे हे म्हणणे मला मान्य नाही. पहिले वाक्य स्मरणात राहते ते चटकदारपणामुळे कमी आणि पुढच्या पानांनी त्याला दिलेल्या अर्थामुळे अधिक. सुखी कुटुंबे सारी एकसारखी असतात, दुःखी कुटुंब मात्र आपापल्या तऱ्हेने दुःखी असते, हा टॉलस्टॉयच्या ‘अ‍ॅना कारेनिना’चा आरंभ अनेकांना पाठ असतो. पण लगेच लेखक आपल्याला ओब्लोन्स्कींच्या घरात नेतो, जिथे नवऱ्याचे मुलांच्या पूर्वीच्या फ्रेंच शिक्षिकेशी असलेले संबंध बायकोला कळल्यामुळे सगळी घडीच विस्कटली आहे, आणि सुभाषितासारखे वाटलेले ते वाक्य तिथे कसाला लागते. म्हणून ओळ एकटी वाचू नका, निदान पहिले पान तरी वाचा.

‘कोसला’च्या (१९६३) आरंभी पांडुरंग सांगवीकर नाव आणि वय सांगून, सांगण्यासारखे एवढेच, असे म्हणतो आणि तरीही सबंध कादंबरीभर बोलत राहतो, हा संकोच हाच त्या निवेदनाचा प्राण आहे. ‘बनगरवाडी’चे पहिले वाक्य सहसा कोणी उद्धृत करत नाही, तरी शाळेवर रुजू होण्यासाठी पायी निघालेल्या तरुण मास्तराबरोबर वाचकही नकळत त्या वाडीकडे चालू लागतो.

आपल्या भागात कन्नडही सहज वाचणारे पुष्कळ आहेत, तेव्हा अनंतमूर्तींची ‘संस्कार’ (१९६५) अवश्य घ्यावी, आणि तिचा आरंभ आधी कन्नडमध्ये, मग मराठीत वाचावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. प्राणेशाचार्य रुग्ण पत्नी भागीरथीला स्नान घालत आहेत, हे तिथले पहिले दृश्य. थोड्याच वेळात ब्राह्मणी आचार झुगारून दिलेल्या नारणप्पाच्या मृत्यूची वार्ता येते, आणि त्याच्या प्रेतावर अंत्यसंस्कार करायला अग्रहारातला, म्हणजे त्या ब्राह्मणवस्तीतला, कोणीही पुढे होत नाही. एका देहाची नित्यनेमाने होणारी सेवा आणि दुसऱ्या देहाची विटंबना यांतला विरोध लेखकाने पहिल्याच वाक्यापासून पेरून ठेवला आहे. चटकदार शब्द मात्र तिथे एकही नाही.

मराठीतील पहिली कादंबरी म्हणून गणल्या जाणाऱ्या ‘यमुनापर्यटन’चे (१८५७) कर्ते बाबा पदमनजी यांचा जन्म बेळगावचा. आपल्या मंडळाने कार्यक्रमाची सुरुवात त्याच पुस्तकाच्या पहिल्या पानाने करावी.