तो माईक का चालू करत नाही, ते आधी बघ

आयर्लंडहून एका आईचं पत्र आलंय, चांगलं चार पानी. माहेर खानापूर, सासर अनगोळ, नवरा-बायको दोघंही नोकरीला, मुलगा 15 वर्षांचा, मुलगी 9 ची. बेळगाव सोडलं तेव्हा मुलगा तिसरी संपवून चौथीत जाणार होता. पत्रातला मुद्द्याचा भाग तिच्याच शब्दांत देते.

‘ताई, गेले आठ-दहा महिने हा फायनल फँटसी चौदा म्हणून एक ऑनलाईन गेम खेळतो. परवा जेवायला हाक मारायला खोलीत गेले तर स्क्रीनवर एक मुलगी, तिला मांजरासारखे कान, शेपटी, अंगात पांढरा झगा, हातात काठी. मी म्हटलं ही कोण रे, तर म्हणाला ही मीच. मला काही सुचेना. ह्यांना सांगितलं तर हे भडकलेच, म्हणाले लढायचं सोडून पोरगी होऊन औषधपाणी करत बसतोय. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर कळलं, त्या म्हणतात पोरगं हातचं गेलं. शाळेत सुरुवातीला उच्चारावरून चिडवायचे, आता काही सांगत नाही. तसा शांत असतो, बाकीच्या मुलांसारखा ओरडत नाही, माईक तर कधी चालूच करत नाही, नुसतं टाईप करतो. तेवढं एक बरं आहे.’

अगं पोरी, तुझ्या चार पानांत मला काळजी लागली ती ह्या शेवटच्या ओळीची, आणि तीच तू ‘बरं आहे’ म्हणून सोडून दिलीस.

आधी मुलीच्या सोंगाचं उरकून टाकते. अण्णासाहेब किर्लोस्कर कुठले, तर आपल्याच जिल्ह्यातले, सौंदत्तीकडच्या गुर्लहोसूरचे. त्यांनी 1880 साली पुण्यात शाकुंतल उभं केलं तेव्हा शकुंतला पुरुषानेच केली. त्यांच्याच मंडळीत 1905 मध्ये बालगंधर्व आले आणि मग घरंदाज बायका त्यांच्यासारखं नेसायला, तसा गजरा माळायला लागल्या. तुझ्या सासूबाईंच्या सासूबाईंनी पण माळला असेल. तेव्हा पोरगं मुलीचं सोंग घेतंय म्हणून हातचं गेलं, हे निदान आपल्या भागातल्या माणसाने म्हणू नये. ह्या गेमांत बरीच मुलं मुलीचं कॅरेक्टर घेतात, कुणाला कपडे आवडतात, कुणी म्हणतं तासन्‌तास ज्याची पाठ बघायची ते दिसायला तरी चांगलं असूदे. आणि समजा त्याला स्वतःबद्दल काही वेगळं सांगायचंच असेल, तर ते तो भडकणाऱ्या बापाला सांगेल काय? शांत घर असेल तरच सांगेल. तेव्हा ‘ह्यांना’ म्हणावं आधी पाणी प्या.

आता औषधपाण्याचं. तुमच्या ‘ह्यांना’ खेळ समजलेला नाही, म्हणून थोडं सांगते. तिथे चौघांची टोळी असते, एक टँक, एक हीलर आणि दोन मारणारे. मोठी लढाई आठ जणांची, त्यात दोन टँक, दोन हीलर, चार मारणारे. टँक म्हणजे घोडखिंडीतले बाजीप्रभू, सगळे वार अंगावर घ्यायचे आणि जागा सोडायची नाही. हीलर मागे उभा राहून चौघांच्या नावापुढची, कुणाचा किती जीव उरलाय ते दाखवणारी पट्टी बघत असतो, कुणाची खाली घसरली की त्याला त्या क्षणी उचलायचं, टँक पडला तर बहुतेक वेळा सगळी टोळीच पडते. मारणाऱ्याचा एखादा वार चुकला तर कुणाला कळतही नाही, हीलरची दोन सेकंदं चुकली की सगळ्यांना कळतं आणि शिव्या त्यालाच. 15 वर्षांच्या पोराने मारायचं सोडून हे काम आपणहून घेतलंय.

आपल्या शिवजयंतीच्या चित्ररथांची आठवण काढ. वैशाखात मिरवणूक, रात्रभर एकामागून एक गाड्या, वर जिवंत देखावे. गल्लीतल्या प्रत्येक पोराला महाराज व्हायचं असायचं, नाहीतर तानाजी. माझ्या धाकट्या भावाला एका वर्षी अफझलखान केला, अंगाने थोराड होता म्हणून. डिंकाने चिकटवलेली दाढी घामाने एका बाजूने सुटत होती, तो ती एका हाताने गालावर दाबून धरून पहाटेपर्यंत वाघनखं खात उभा. त्याच्या गाडीवर मशाल धरणारं एक पोर होतं, कुणी त्याचा फोटो काढला नाही, पण मशाल विझली असती तर देखावा दिसलाच नसता. आईने त्या रात्री त्या मशालवाल्या पोराला घरी बोलवून आधी दूध दिलं, मग भावाला. तुझा मुलगा हे मशालवालं पोर आहे, त्याचं औषधपाणी म्हणून काय हिणवायचं?

बरं, आता माईक.

तू लिहितेस, ‘आता काही सांगत नाही’. आता चिडवत नाहीत असं तू लिहिलं नाहीस हां. ही दोन वाक्यं मी चार वेळा वाचली, कारण हे मी माझ्या घरात बघितलंय आणि तेव्हा मला कळलं नव्हतं.

आम्ही सतरा वर्षं लेस्टरला होतो. आमचा थोरला 2009 साली पंधरा वर्षांचा, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळायचा. त्यात दोन बाजू, होर्ड आणि अलायन्स, आणि गंमत अशी की एका बाजूचं बोलणं दुसऱ्या बाजूला कळूच नये अशी रचनाच केलेली. आमच्या थोरल्याचा ऑर्क होता, म्हणजे होर्डच्या बाजूचा राक्षसासारखा गडी, त्याने हसून ‘लोल’ लिहिलं की समोरच्या अलायन्सवाल्याला ‘केक’ असलं काहीतरी दिसायचं. मी त्याला म्हटलं होतं, अरे हे तर आपलं गावच की. 2004 ला गेम निघाला, दोन्ही बाजूंच्या लोकांना एका टोळीत जायची मुभा मिळायला 2022 उजाडलं. तेवढा धीर आपल्याकडे असता तर! असो, सीमाप्रश्नावर मी लिहायला लागले की थांबत नाही.

तर आमचा थोरला बुधवारी रात्री पंचवीस जणांच्या रेडला, म्हणजे त्या गेममधल्या मोठ्या लढाईला जायचा, कानाला हेडसेट. पहिले दोन महिने भरपूर बोलायचा, मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. मग एकदम आवाज बंद झाला. विचारलं तर म्हणाला माईक बिघडलाय. मी दुकानात जाऊन पंचवीस पौंडांचा नवीन हेडसेट आणला, तो खोक्यातच राहिला. मला वाटलं पोरगं शहाणं झालं, अभ्यासाला लागलं, शांत झालं. अगदी तुझ्यासारखंच वाटलं. वर एका बुधवारी जेवण गार होतंय म्हणून मी चिडून राऊटरचं बटण बंद केलं. ते चोवीस लोक त्याच्यासाठी थांबले होते, त्याची तिथली जागा गेली, आणि तो त्या रात्री जेवला नाही. मी त्यालाच बोलले.

नऊ वर्षांनी, आम्ही टिळकवाडीला परत आल्यावर, सुट्टीला आलेला असताना व्हरांड्यात चहा घेता घेता तो सहज म्हणाला, आई, माईक बिघडला नव्हता. टोळीतल्या एकाने त्याच्या बोलण्याची नक्कल केली होती, कॉल सेंटरवाला बोलतो तशी, आणि बाकीचे बराच वेळ हसले होते. त्यानंतर तो चार वर्षं तो गेम नुसतं टाईप करून खेळला. मी चार वर्षं त्याच्या दाराबाहेरून ‘काय करायलास रे’ एवढंच विचारत होते.

म्हणून सांगते, कॅरेक्टरवर अडू नकोस. कान मांजरीचे का, झगा पांढरा का, ह्याला काही अर्थ असेल किंवा नसेलही. पण पोराने आपला आवाज कपाटात ठेवलाय ह्याला नक्की अर्थ आहे. त्याच्या मुलीच्या सोंगाचं पण ह्या गप्प राहण्याशी काही नातं असू शकतं, माईक लावला की लोकांना कळणार हा मुलगा आहे, आणि कुठला आहे ते पण कळणार. टाईप करताना हेल ऐकू येत नाही.

मला हे लहानपणापासून माहीत आहे. शहापूरहून बसने कॉलेजला जायचे, कंडक्टरला थांब्याचं नाव कन्नडात सांगायचं तर जीभ अडखळायची, म्हणून सुट्टे पैसे मोजून मुठीत धरायचे आणि हात पुढे करून गप्प बसायचे. आणि त्याच रस्त्यावर खडे बाजारात आमच्या ओळखीचा कापडवाला दिवसभर कन्नड, मराठी, उर्दू, मध्येच कोकणी, सगळं आपल्या मराठी हेलात ठणकावून बोलायचा, गिऱ्हाईक हसलं तर तो पण हसायचा आणि भाव एक पैसा कमी करायचा नाही. मी त्याच्यासारखी का झाले नाही ह्याचा विचार मी लेस्टरला पण करत होते.

आणि आता थोडं रागावून विचारते, फोनवर ऑफिसशी बोलताना तू आवाज बदलतेस ना? मी बदलायचे. पोरं ऐकत असतात. आई घरात एक आणि फोनवर दुसरीच, हे बघून ती शिकतात की आपला खरा आवाज बाहेर काढण्यासारखा नसतो. उद्यापासून त्याच्यासमोर फोन घेशील तेव्हा आपल्या खानापुरी हेलातच इंग्रजी बोल.

दुसरं, ह्या शनिवारी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी तासभर बस. मुलगी का घेतलीस हे विचारू नकोस. टँक कोण आहे, तो चांगला आहे काय, तुला कुणी शिव्या दिल्या काय, असं विचार. स्क्रीनवरच्या चौकोनात टाईप केलेली बोलणी वाच. ह्या गेमात नवख्या माणसाच्या नावापुढे हिरवा कोंब दिसतो, आणि लढाई संपली की टोळीतल्या एकाला शाबासकी देता येते, त्याला अशा किती मिळाल्यात ते विचार, बघ कसा बोलायला लागतो. पद्धत तशी बरी म्हणतात तिथली, पण माणसं सगळीकडे माणसंच. मुलीचं कॅरेक्टर दिसलं की काही जण फुकट वस्तू देतात, काही जण चिकटतात. त्याच्याशी कोण कसं बोलतं आणि तो काय करतो हे काढून घे, ब्लॉक कसं करायचं आणि तक्रार कशी करायची हे त्याच्याकडूनच शीक, आणि अनोळखी मोठ्या माणसाने गेमबाहेर खासगीत बोलायला बोलावलं तर आधी तुला सांगायचं, एवढा एकच नियम घाल. शक्य असेल तर तू स्वतः खातं काढ, लेव्हल 70 पर्यंत फुकट खेळता येतं, काही सोयी बंद असतात पण हिंडायला पुष्कळ आहे. पोराला आपल्या आईला वाट दाखवायला मिळू दे.

नॉर्वेचा मॅट्स स्टीन तुला ठाऊक नसेल. स्नायूंच्या आजाराने खुर्चीला खिळलेला पोरगा, 2014 मध्ये 25 व्या वर्षी गेला. आईवडिलांना वाटायचं ह्याला मित्र नाहीत, नुसता वॉरक्राफ्ट खेळत बसतो. तिथे तो इबेलिन नावाचा धट्टाकट्टा गडी होता. गेल्यावर वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निरोप टाकला आणि कुठून कुठून ईमेल यायला लागल्या, त्यातले काही जण परदेशातून अंत्यविधीला आले. त्या आईवडिलांचं प्रेम कमी नव्हतं गं, फक्त त्याच्या शेजारी बसून ते जग त्यांनी बघितलं नव्हतं. तुझा मुलगा धडधाकट आहे आणि भिंतीपलीकडे बसलाय.

माईकची जबरदस्ती मात्र करू नकोस. नवीन हेडसेट तर अजिबात आणू नकोस, मी आणून बघितलाय.

तुझ्या बाकीच्या तीन प्रश्नांना तीनच ओळी. धाकटी मराठीत उत्तर देत नसली तरी तू मराठीतच बोलत राहा, समजतंय तिला. अनगोळच्या प्लॉटच्या वाटणीचं नवऱ्याला आणि दिराला बसून बोलू दे, तू मध्ये पडू नकोस. सासूबाई येताना कुंदा घेऊन येणार म्हणतेस, तर त्यांना आत्ताच सांग, बाहेरच्या देशातून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, विमानतळावर डबा काढून घेतील आणि त्या महिनाभर तेच बोलत बसतील. त्यापेक्षा आल्या की त्यांना नातवाच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकून दे, आणि तिथे काय झालं ते मला कळव.