आजोबांचं तुणतुणं आणि दोन गिटारी

अंबाजोगाई,
चैत्र शुद्ध दशमी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री आला. लाइट गेली होती, म्हणून गच्चीवर बसून दोनदा वाचला. भाव वाढेल म्हणून ठेवलेलं सोयाबीन आबांनी शेवटी विकलं, तुझ्या हातावर पैसे ठेवले आणि म्हणाले, एकदाच घ्यायची आहे, बघून घे. आता इलेक्ट्रिक गिटारीत स्ट्रॅट घ्यावी की लेस पॉल, हे तुला ठरेना. ग्रुपमधली पोरं लेस पॉलच घे म्हणतात. यूट्यूबवर बघावं तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. फोनवर मी एका शब्दात उत्तर दिलं असतं, पण आबांचा पैसा आहे, तेव्हा कारणांसकट लिहावं असं वाटलं.

आधी माझं मन कुठे आहे ते सांगतो. मी आयुष्यातली बरीच वर्षं लेस पॉलच्या घडणीची गिटार वाजवली आणि आजही तिचा आवाज मला जास्त आवडतो. तरीही तुझ्यासाठी माझं मत स्ट्रॅटकडे आहे.

या दोन गिटारी दोन वेगळ्या स्वभावांच्या माणसांकडून आल्या. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलरटनचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टर काढली ती दुरुस्तीवाल्याच्या डोक्याने. मान चार स्क्रूंनी बसवलेली, तारेचा आवाज पकडणारे पिकअप आणि वायरिंग सगळं पुढच्या एका प्लास्टिकच्या पट्टीवर. स्क्रू काढले की आतलं सगळं समोर. गिब्सन मात्र जुनी, वाद्यं घडवणारी कंपनी. त्यांनी 1952 मध्ये लेस पॉल या नावाजलेल्या वादकाच्या नावाने गिटार काढली. महोगनीचं जाड अंग, त्यावर मेपलचा व्हायोलिनसारखा फुगीर माथा, आणि मान सांध्यात बसवून चिकटवलेली. ती आज सगळ्यांना हवी असते, पण त्या काळी खप इतका घसरला की 1961 मध्ये कंपनीने तिचा आकारच बदलून टाकला आणि जुना आकार 1968 मध्ये परत आणला. म्हणून म्हणतो, कोणती 'खरी' यावरून मित्रांशी वाद घालत बसू नकोस. ज्याच्या फोटोकडे बघून तुझ्या मित्रांना लेस पॉल हवीशी वाटते, त्या जिमी पेजनेही लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बममध्ये बहुतेक ठिकाणी फेंडरची टेलिकास्टर वाजवली आहे.

आता आवाजाचं बघू. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची केसासारखी बारीक तार. लातूरला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बोअरच्या मोटारीची कॉइल भरताना तू बघितली असशील. तत्त्व त्याच घरातलं, फक्त तार फार बारीक आणि वेढे सात-आठ हजार. स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये अशी एकच कॉइल असते. त्यामुळे तारेवर नख लागलं तरी ऐकू येतं. आवाज खणखणीत, मोकळा आणि थोडा बारीक. पण ती कॉइल तारेचा आवाज पकडते तशी हवेतली विजेची घरघरही पकडते. आपली वीज 50 हर्ट्झची. मंडपात लाइटचे डिमर, जनरेटर आणि अर्थिंगच्या नावाने बोंब, असं सगळं जमलं की दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत अँपमधून मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं ऐकू येतं.

गिब्सनमधल्या सेथ लव्हरने यावर तोड काढली. दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवायच्या, एकीचे वेढे उलटे आणि चुंबकाची दिशाही उलटी. घरघर दोन्हींत उलटसुलट येते आणि एकमेकींना मारते, तारेचा आवाज मात्र दोन्हींत सारखाच येऊन बेरीज होते. हाच हंबकर. लेस पॉलवर तो 1957 मध्ये आला. त्याआधीच्या लेस पॉलही घरघरायच्याच.

लेस पॉलचा आवाज कसा, हे मला नीट सांगू दे, कारण तो कमी लेखून मला तुला स्ट्रॅटकडे वळवायचं नाही. मानेजवळचा पिकअप लाव, टोनचं बटण अर्ध्यावर आण आणि एकच सूर छेडून त्यावर बोटाने हलकं आंदोलन दे. आस संपतच नाही. पिकलेल्या गळ्याच्या माणसाने आकार लावून ठेवावा तसा तो सूर उभा राहतो. शिवाय तिची तार थोडी आखूड, पावणेपंचवीस इंच, तर स्ट्रॅटची साडेपंचवीस. त्याच जाडीची तार त्याच सुरात लावली तर लेस पॉलवर ताण साधारण सहा टक्क्यांनी कमी पडतो. आकडा छोटा दिसतो, पण मींड काढताना बोटाला लगेच कळतो. दोन्ही पिकअपना वेगवेगळी व्हॉल्यूमची बटणं, त्यामुळे एक गाण्यामागे हलका आणि दुसरा सोलोसाठी मोठा लावून ठेवता येतो. हे सगळं तिच्या बाजूने आहे आणि खरं आहे.

मग स्ट्रॅट का?

कारण तुम्ही सगळे काय वाजवता, हे मी ऐकलंय. तुझ्यासोबत कीबोर्ड आहे, ढोलकी आहे, ऑक्टोपॅड आहे आणि पुढे गाणारा गळा आहे. गळ्याची जागा मधल्या सुरात आणि कीबोर्डवालाही दोन्ही हात तिथेच ठेवून बसलेला. लेस पॉलचा भरदार आवाजही नेमका तिथेच येऊन बसतो. खोलीत एकटी वाजवशील तेव्हा गोड लागेल, पण जयंतीच्या मंडपात, पत्र्याच्या शेडखाली, मोठ्या स्पीकरमधून त्याचा चिखल होतो आणि भीमगीतातला शब्द त्यात बुडतो. आपल्याकडे माणसं शब्दासाठी येतात. विद्यापीठाच्या गेटसमोर नामविस्तार दिनाला जमणारी गर्दी डोळ्यांसमोर आण. तिथे एक ओळ ऐकू आली नाही तर वाजवणाऱ्याने काम बिघडवलं म्हणायचं. स्ट्रॅटचा बारीक, टोकदार आवाज गळ्याच्या वरच्या फटीतून निघून जातो. करंगळी सहज पोचेल इतकं जवळ तिचं व्हॉल्यूम आहे. गायक ओळ उचलतो तिथे आवाज आत घ्यायचा, ओळ सोडतो तिथे बाहेर काढायचा, हात न थांबवता.

घरघरीवर उपाय आहे. स्ट्रॅटला पाच जागांचा स्विच असतो. सुरुवातीला तीनच जागा होत्या. वादक स्विच मध्येच अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवायचे, म्हणून 1977 पासून कंपनीनेच पाच जागा दिल्या. हल्लीच्या बहुतेक स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर घरघर जवळजवळ जाते. दुकानदाराला मुद्दाम विचार. ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे, हंबकर बसवलेली स्ट्रॅटही मिळते. तोच तुला ती दाखवेल. घेतलीस तरी चालेल, फक्त उरलेल्या दोन पिकअपचा आवाज मनासारखा आहे का ते ऐक.

अर्थिंगवरून एक सांगतो, आणि हे गिटार कोणतीही घेतलीस तरी पाळायचं. प्रत्येक कार्यक्रमाआधी, गिटार अँपला जोडल्यावर, तारांना टेस्टर लाव. माइकच्या जाळीलाही लाव. अँप आणि माइक दोन वेगळ्या लाइनींवर असले आणि एकीची अर्थिंग तुटलेली असली, तर तारांवर हात आणि जाळीला ओठ लागताच झटका बसतो. त्याने जीव जाऊ शकतो. टेस्टर पेटला तर वाजवायचं नाही, मग समोर आमदार बसलेले असोत. माझ्या ओठाला दोनदा चटका बसलाय, म्हणून पुन्हा बजावतो.

दुसरं कारण टेम्पोचं. तुमचं सामान टेम्पोत, ढोलकी आणि स्पीकरच्या मध्ये जाणार. लेस पॉलचं डोकं मागे झुकलेलं असतं, साधारण 17 अंश, आणि नेमकं तिथेच मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या रॉडसाठी लाकूड कोरलेलं असतं. माझी तिथेच मोडली. एका तालुक्याच्या गावी जयंतीचा कार्यक्रम होता, दोन गाण्यांच्या मध्ये कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि स्टँड कलंडला. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. उचलून बघतो तर डोकं नुसतं तारांवर लोंबकळत होतं. गावातल्या दारं-खिडक्या करणाऱ्या सुताराने गोंद भरून, शिकंजा लावून दोन दिवस दाबून ठेवली. सांधा टिकला, पण त्या रात्रीचा उरलेला कार्यक्रम मी उसन्या गिटारवर काढला. स्ट्रॅटचं डोकं सरळ असतं, पडली तर बहुधा खुंटी वाकते. आणि अगदी मान गेलीच तर चार स्क्रू काढून दुसरी बसवता येते.

वजनही बघ. लेस पॉल चार किलोच्या पुढे जाते, स्ट्रॅट साधारण साडेतीन. दुकानात पाच मिनिटांत हा फरक कळत नाही. देवीचा गोंधळ रात्रभर चालतो, पहाटे तीनला तो फरक डाव्या खांद्याला कळतो.

आता गोंधळाचंच घेऊ. मेसेजमध्ये तू शेवटी, जाता जाता लिहिलंस की आजोबांची गोंधळाची पदं गिटारवर आणायची आहेत, आणि मला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. आजोबा तुळजापूरला उभे राहायचे तेव्हा संबळ आणि गळा कुठेही फिरला तरी तुणतुण्याची एक तार सारखी बोलत असायची. तुला गिटारवर तेच करावं लागणार आहे, एक तार मोकळी वाजत ठेवून दुसरी खेचायची. इथे स्ट्रॅटची एक खोड आहे. तिचा ब्रिज मागच्या स्प्रिंगांच्या ताणावर तरंगता ठेवलेला असतो. एक तार खेचली की ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या सगळ्या तारा उतरतात. म्हणजे तू मींड काढतेस आणि तिकडे तुणतुणं बेसूर. लेस पॉलचा ब्रिज घट्ट, तिथे हा त्रास नाही.

पण उपाय दहा मिनिटांचा आहे. मागचं झाकण काढ, आत स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकवल्या आहेत तिचे दोन मोठे स्क्रू आवळत जा आणि ब्रिज गिटारच्या अंगावर टेकेपर्यंत थांबू नकोस. कमी पडलं तर एखादी स्प्रिंग वाढव. मग तारा पुन्हा सुरात लाव. एवढं केलं की मोकळी तार जागची फारशी हलत नाही.

दुकानात हीच परीक्षा घ्यायची. पाचवी तार मोकळी सोड, ती पांढरी सहा, तोच तुझा षड्ज. मग दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवरचा, म्हणजे मानेवरच्या आठव्या आडव्या पट्टीवरचा, कोमल निषाद खेचून षड्जावर ने आणि तिथे थांब. पाचवीशी मिळतो का ऐक. दोन्ही गिटारींवर दहा-दहा वेळा कर. अँपवरचं डिस्टॉर्शन बंद ठेवायला सांग, त्याच्याखाली सगळ्याच गिटारी सारख्या लागतात. उभी राहूनही वाजव. फ्रेटबोर्डच्या कडेवरून तळहात फिरव. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटं सोलतात.

नाव मोठं म्हणून सगळे पैसे गिटारवर घालू नकोस. फेंडरची स्वस्तातली घडण स्क्वायर नावाने येते, गिब्सनची एपिफोन. तुझ्या पैशात त्यातलीच घे, आणि एक छोटा अँप, बरी केबल आणि एकदा नीट सेटअप करून घेण्यापुरते पैसे मागे ठेव.

आणि हे सगळं ऐकूनही त्या परीक्षेत लेस पॉलवर तुझी मींड नेमकी बसली आणि स्ट्रॅटवर हात अडखळत राहिला, तर लेस पॉल घे. मंडपात तिचा चिखल कसा आवरायचा ते मी शिकवेन. मानेजवळचा पिकअप गाण्यामागे वापरायचा नाही, इथून सुरुवात करू.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीने मी लातूरला येतो, अकराला दुकानात भेटू. तुझा नेहमीचा पट्टा घेऊन ये, दुकानातल्या पट्ट्यावर वजन नीट कळत नाही. आबांनाही आण. आणि आजोबांचं तुणतुणं खुंटीवरून काढून, पुसून घेऊन ये. मी ते पांढरी सहात लावून वाजवत बसतो, तू दोन्ही गिटारींवर तार खेचून बघ.

तुझा,
सर