जबाबावर सही करण्याआधी

प्रिय मुला,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अंबडच्या कारखान्यात मशीनचं सेटिंग चुकवलं ऑपरेटरनं, लॉट रिजेक्ट झाला, आणि दोष लिहिलाय बिहारमधल्या मधुबनीहून आलेल्या कंत्राटी हेल्परच्या नावावर. जबाब टाइप होऊन तयार आहे, साक्षीदार म्हणून फक्त तुझी सही राहिली आहे. शिफ्टमधले मित्र म्हणतात, मर्द असशील तर आपल्या माणसाच्या पाठीशी उभा राहा. आपल्या जुन्या ग्रंथांत मर्द कोणाला म्हटलंय, असं तू मला विचारलंस. उत्तर जरा लांबून देतो.

तो हेल्पर ज्या मधुबनीचा, तिथल्याच बिस्फी गावचा विद्यापती. लोक त्याला मैथिली पदांसाठी ओळखतात. पण राजा शिवसिंहाच्या पदरी असताना, पंधराव्या शतकात, त्यानं संस्कृतात ‘पुरुषपरीक्षा’ हा कथाग्रंथ रचला. त्यात एक राजा मुलीसाठी वर शोधतो आहे. ऋषी त्याला सांगतो, मुलगी पुरुषाला दे. राजा म्हणतो, पुरुषाला नाही तर आणखी कोणाला देणार? त्यावर ऋषी म्हणतो, पुरुषाचा नुसता आकार असलेले पुष्कळ भेटतील, खरा पुरुष विरळा. तो वीर हवा, सुबुद्ध हवा, विद्यावान हवा आणि चारही पुरुषार्थ साधणारा हवा. बाकीचे बिनशेपटीचे पशू! मला हे फार मोलाचं वाटतं. मिशा-दंडांवर इथे काही मिळत नाही, पुरुषपण कमवावं लागतं.

वीरही चार प्रकारचे सांगितलेत: दानवीर, दयावीर, युद्धवीर, सत्यवीर. यातली दयावीराची कथा तू नीट ऐक. १२९९ च्या गुजरात स्वारीनंतर अलाउद्दीन खलजीच्या फौजेतल्या काही मंगोलांनी बंड केलं. त्यांच्यातला एक सरदार, कथेतला महिमाशाह, रणथंभोरला हम्मीर चौहानाच्या आश्रयाला आला. परक्या मुलखाचा, परक्या धर्माचा, कालपर्यंत सुलतानाच्या सैन्यात असलेला माणूस. सुलतानानं त्याला परत मागितलं, हम्मीरानं दिलं नाही. वेढा पडला आणि १३०१ मध्ये किल्ला गेला, हम्मीरही गेला. एवढं लढून मेलेल्या राजाला विद्यापती युद्धवीरांत बसवत नाही. त्याचं स्थान दयावीरात. शरण आलेल्याला ‘तू आमचा कुठे?’ असं त्यानं विचारलं नाही, हे विद्यापतीला तलवारीहून मोठं वाटलं. तुझ्या मित्रांचं ‘आपला माणूस’ या कसोटीवर किती टिकतं, तूच पाहा.

पण या कथेपुढे डोळे मिटून हात जोडू नकोस. किल्ल्यातल्या स्त्रियांनी अग्निप्रवेश केला. वचन राजाचं, आणि जळाल्या त्या. त्या काळच्या कवींनी त्यांचं मरणही राजाच्या कीर्तीत जमा केलं. मला ते पटत नाही, कधीच पटलं नाही. दरबारासाठी लिहिलेल्या ग्रंथांचं हे उणं मान्य करूनच त्यांच्याकडून शिकावं. म्हणून आधी आईला सगळं सांग. तुझं परमनंट होणं लांबलं तर झळ तिलाही बसणार आहे. तिला अंधारात ठेवून शूर होऊ नकोस.

दुसरी गोष्ट आपल्या घरचीच. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या नाशकातून त्र्यंबकला जातात, तू लहानपणापासून पाहतोस. या निवृत्तिनाथांच्या धाकट्या भावानं, म्हणजे ज्ञानेश्वरांनी, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेचा सोळावा अध्याय मराठीत उलगडला. दैवी गुणांच्या त्या यादीत पहिलं नाव अभयाचं. त्याच यादीत सत्य आहे, अक्रोध आहे, दया आहे, मार्दव आहे, आणि अपैशुन्यही आहे: कोणाची चहाडी न करणं. न घाबरणारा माणूस मऊही असायला हवा, अशी ही अपेक्षा. कठीण आहे, पण तुला आत्ता नेमकी हीच लागणार आहे.

तयार जबाबावर सही करू नकोस. जे डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच, तारीख आणि शिफ्ट घालून, स्वतःच्या हातानं लिही. ऐकीव काही घालू नकोस, ऑपरेटरच्या स्वभावावर एक शब्दही नको. नोकरी जाण्याची भीती त्यालाही आहे. देण्याआधी त्याला एकट्याला गाठून सांग, मी असं लिहितोय, तूच पुढे होऊन कबूल केलंस तर बरं. हेल्परलाही भेट, त्याला काय हवंय ते विचार. कदाचित त्याला भांडण नकोच असेल, फक्त थकलेला पगार आणि पुढचं काम हवं असेल. त्याच्या वतीनं त्याला नको असलेली लढाई छेडू नकोस. अर्जाची एक प्रत पोहोच घेऊन स्वतःजवळ ठेव.

कच्चा मसुदा झाला की रविवारी सकाळी सार्वजनिक वाचनालयात घेऊन ये. मी तिथेच असतो. दोघं मिळून ओळ न् ओळ तपासू.

तुझा,
मास्तर